फॉरमॅट मारण्याआधी: छोट्या ऑफिसातलं अडकलेलं विंडोज अपडेट

सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पेढी, कुपवाड एमआयडीसीतलं वर्कशॉप किंवा साताऱ्यात पोवई नाक्याजवळचं टॅक्स कन्सल्टंटचं ऑफिस घ्या, मांडणी सगळीकडे सारखीच. सर्व्हर म्हणून ठेवलेला एक पीसी, त्यावर टॅलीचा डेटा, भोवती चार-सहा मशीन्स, शेअर केलेला एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. महिन्यातल्या एखाद्या बुधवारी सकाळी यातलं काहीतरी अडतं. बुधवारच का, तर मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अपडेट सोडतं आणि ते सोडतं तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. शटर बंद असतं. सकाळी मशीन चालू झालं की अपडेट उतरायला लागतं आणि नेमकं तेव्हाच दारात गाडी बिलासाठी उभी असते.

मग कुणीतरी म्हणतं, "फॉरमॅट मारून देतो." फॉरमॅटनं अपडेट सुरळीत होतं, पण प्रिंटरची सेटिंग्ज, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, वजनकाट्याची जोडणी सगळं नव्यानं बसवावं लागतं आणि दोन दिवस जातात. बहुतेक वेळा त्याची गरजच नसते. मशीनचं जुनं दुखणं अपडेटच्या निमित्तानं वर आलेलं असतं, एवढंच.

खाली आज्ञा आणि फोल्डरची नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं.

हाताशी काय हवं

- प्रत्येक मशीनचा ॲडमिन पासवर्ड. आधीच्या मेंटेनन्सवाल्याकडे राहिला असेल तर आधी तो मिळवा.
- ८ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यावर विंडोजचं इन्स्टॉलेशन. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन फुकटात बनतो.
- बॅकअपसाठी दोन एक्स्टर्नल हार्डडिस्क. एक नाही, दोन.
- बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की, कागदावर छापलेली.
- लॅन कार्ड, प्रिंटर आणि सहीचं टोकन यांचे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर. लॅनचाच ड्रायव्हर बिघडला तर नेटवरून तो उतरवणार कसा?
- टॅलीचा सिरियल नंबर आणि ज्या ईमेलवर लायसन्स आहे तो ईमेल.
- एक वही. कोणत्या मशीनवर, कोणत्या तारखेला, कोणत्या केबी नंबरचं (अपडेटचा ओळख क्रमांक) अपडेट बसलं ते लिहायला.

१. तारीख तुम्ही ठरवा

दुसरा मंगळवार नेहमी ८ ते १४ तारखेच्या मध्ये पडतो. जीएसटीआर-१ या जीएसटी रिटर्नची मुदत ११ तारीख, ३बी ची २०, तिमाही रिटर्नवाल्यांची महाराष्ट्रात २२. म्हणजे अपडेट येतं तेच ऐन धावपळीत. म्हणून सेटिंग्जमधून अपडेट 'पॉझ' करा (जास्तीत जास्त पाच आठवडे करता येतं) आणि २३ ते २७ तारखेच्या दरम्यान स्वतः बसवा. दहा-पंधरा दिवसांत त्या अपडेटमधली खोट जगभर कळलेली असते. ११ जानेवारी २०२२ च्या अपडेटनं डोमेन कंट्रोलर असलेले, म्हणजे ऑफिसभरचे लॉगिन सांभाळणारे सर्व्हर पुन्हापुन्हा रीस्टार्ट होऊ लागले होते, विंडोज सर्व्हर २०१२ आर२ वर हायपर-व्ही (एका मशीनवर अनेक आभासी मशीन्स चालवणारी सोय) सुरू होईना. दुरुस्ती १७ जानेवारीला आली. आठवडाभर थांबलेल्यांना यातलं काही भोगावं लागलं नाही.

याला एक अपवाद आहे. घरून टॅली बघता यावं म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट उघडून ठेवला असेल तर थांबायची सोय तुम्हाला नाही. खरं तर तो पोर्ट आजच बंद करा. रॅन्समवेअर (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) येण्याचा तो राजमार्ग आहे.

महिन्याच्या चौथ्या आठवड्यात 'ऑप्शनल' म्हणून जे येतं ते पुढच्या महिन्याची रंगीत तालीम असते. कामाच्या मशीनवर ते घेऊ नका. 'नवीन अपडेट मिळताच घ्या' हे बटणही बंद ठेवा.

दिवस निवडताना महावितरणचा देखभालीचा मेसेज बघा. रात्री अपडेट लावून घरी जाण्यापेक्षा दुपारी चारला, समोर बसून करा. छोटा यूपीएस मशीन दहा-पंधरा मिनिटं धरतो, अपडेट तासभर चालतं.

२. बॅकअप, आणि तो उघडून बघणं

सगळ्या मशीन्सवर टॅली बंद करा, मग डेटा फोल्डर एक्स्टर्नल डिस्कवर घ्या. टॅली उघडं असताना केलेली कॉपी अर्धवट निघू शकते. सर्व्हरची पूर्ण इमेज घ्या. विंडोज सर्व्हर बॅकअप हे फीचर सर्व्हरमध्ये आहेच, फक्त चालू करावं लागतं. मग दुसऱ्या मशीनवर तो टॅली बॅकअप रिस्टोअर करून गेल्या आठवड्यातलं एक व्हाउचर उघडून बघा. ही पाच मिनिटं वाचवू नका.

दुसरी डिस्क ऑफिसात ठेवायची नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तळमजल्यावर सर्व्हर आणि त्याच टेबलाच्या खणात बॅकअप, ही व्यवस्था सांगलीत तरी कुणी करू नये.

३. एरर कोड जसाच्या तसा उतरवा

'अपडेट फेल झालं' या माहितीचा कुणालाच उपयोग नाही. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी इथे जा. केबी नंबर आणि '०एक्स'नं सुरू होणारा कोड वहीत लिहा किंवा मोबाइलवर फोटो काढा. शिवाय विंडोज आणि आर दाबून 'विनव्हर' टाइप करा. नेमकी आवृत्ती कळते. हे तीन आकडे हातात आल्याशिवाय यूट्यूबवरचा कोणताही उपाय करायचा नाही.

४. आधी चार साध्या गोष्टी

निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच मिटतात.

घड्याळ. स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या मशीनचा सीएमओएस सेल (मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा) संपला की मेन स्विच बंद केल्यावर तारीख मागे जाते. मग सुरक्षित जोडणीचं सर्टिफिकेट मशीनला खोटं वाटतं आणि ०एक्स८००७२एफ८एफ हा कोड येतो. सेलचा नंबर सीआर२०३२, मिळतो कुठल्याही घड्याळाच्या दुकानात. बदलताना प्लग काढून ठेवा.

जागा. सी ड्राइव्हवर २० जीबी तरी मोकळी हवी. १२० जीबीच्या एसएसडीवर टॅलीचे जुने बॅकअप, व्हॉट्सॲपचे फोटो, डाउनलोड्स साठत जातात. डिस्क क्लीनअप उघडून 'क्लीनअप सिस्टम फाइल्स' दाबा. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' दिलं की हायबरनेशनची फाइल जाते. ८ जीबी रॅमच्या मशीनवर तीनेक जीबी सुटतात. 'विनएसएक्सएस' फोल्डर मोठा दिसतो म्हणून त्यातलं काही हातानं डिलीट करू नका. मशीन तिथेच संपतं.

रीस्टार्ट. रोज संध्याकाळी शट डाउन केलं म्हणजे मशीन ताजं झालं असं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोजचा गाभा झोपतो, बंद होत नाही. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू, 'अप टाइम' बघा. तिथे २३ दिवस दिसले तर आधी 'रीस्टार्ट' करा आणि अपडेट पुन्हा लावा. वरची पॉवरसीएफजीची आज्ञा फास्ट स्टार्टअपही बंद करते.

नेट. एकाच वेळी सहा मशीन्स तेच अपडेट ओढत असतील तर लाइन गुदमरते. सेटिंग्जमध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' चालू करून फक्त 'लोकल नेटवर्कमधले पीसी' निवडा. एकानं उतरवलं की बाकीचे त्याच्याकडूनच घेतात. वायफायवर 'मीटर्ड' खूण असेल तर ती काढा.

५. कोड काय सांगतो

- ०एक्स८००७००७०: जागा नाही.
- ०एक्स८००७२ईई२: मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरपर्यंत पोचता येत नाही. लाइन, डीएनएस किंवा अँटिव्हायरसचा फायरवॉल तपासा.
- ०एक्स८००७००२०: फाइल दुसऱ्याच्या ताब्यात आहे, बहुधा अँटिव्हायरसच्या. तेवढ्यापुरता बंद करा आणि नंतर चालू करायला विसरू नका.
- ०एक्स८००एफ०९२२: डिस्कच्या सुरुवातीचं बूटचं छोटं पार्टिशन भरलं आहे, किंवा व्हीपीएन जोडलेलं आहे. आधी व्हीपीएन तोडून बघा.
- ०एक्स८००७३७१२ आणि ०एक्स८००एफ०८१एफ: विंडोजच्या स्वतःच्या फाइल्स खराब. पायरी ६ करा.
- ०एक्स८०२४४०२सी: प्रॉक्सी चुकीचा, किंवा मशीन भलत्याच अपडेट सर्व्हरला शोधतंय.

हा शेवटचा कोड आपल्याकडे फार दिसतो, कारण पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतून निघालेली सेकंडहँड मशीन्स. अपडेटच्या पानावर 'काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते' असं आलं तर समजा की जुन्या कंपनीचा अपडेट सर्व्हर अजून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, लिहिलेला आहे. रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोजअपडेट या वाटेनं जा. आधी त्या शाखेची 'एक्सपोर्ट' घ्या. मग 'एयू' खालच्या 'यूजडब्ल्यूयूसर्व्हर'ची किंमत ० करा आणि रीस्टार्ट करा. तुमच्याच ऑफिसात खरोखर अपडेट सर्व्हर असेल तर मात्र याला हात लावू नका.

०एक्स८००७०६४३ हा कोड केबी५०३४४४१ या जानेवारी २०२४ च्या अपडेटसोबत आला असेल तर तुमच्या रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा नाही, एवढाच त्याचा अर्थ. ते अपडेट बिटलॉकरमधली फट बुजवण्यासाठी होतं. बिटलॉकर वापरत नसाल तर त्यासाठी पार्टिशन कापाकापीचे व्हिडिओ बघून सर्व्हरवर प्रयोग करू नका.

६. दुरुस्ती, याच क्रमानं

अ) 'सर्व्हिसेस' उघडा. 'विंडोज अपडेट' आणि 'बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर' या दोन्ही थांबवा. सी ड्राइव्ह, विंडोज फोल्डर, त्यातलं 'सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन' या फोल्डरचं नाव बदलून शेवटी 'जुना' किंवा काहीही जोडा. सर्व्हिसेस पुन्हा चालू करा. अर्धवट उतरलेलं सगळं बाजूला पडतं आणि विंडोज तो फोल्डर नवा बनवतं. नाव बदलू देत नसेल तर सर्व्हिस पुन्हा जागी झाली आहे. परत थांबवा आणि लगेच बदला. पानावरची अपडेट हिस्टरी यानंतर रिकामी दिसते, घाबरू नका.

आ) ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ'. प्रत्येक तिरक्या रेघेआधी एक स्पेस. आकडा मधेच बराच वेळ थांबतो, थांबू द्या.

इ) त्यानंतर 'एसएफसी /स्कॅननाऊ'. क्रम उलटा केला तर फायदा नाही. एसएफसी दुरुस्तीसाठी ज्या गोदामातून फाइल उचलतं ते गोदाम आधी डीआयएसएमनं नीट करायचं असतं.

ई) तरीही जमेना तर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगच्या साइटवर केबी नंबर टाका, तुमच्या आवृत्तीची फाइल उतरवा आणि थेट चालवा. 'एक्स६४' आणि 'एआरएम६४' यांत गफलत करू नका, आपली जवळपास सगळी मशीन्स एक्स६४ असतात.

७. स्क्रीन अडकली किंवा मशीन सुरूच होईना

३० टक्क्यांवर तासभर थांबलं म्हणजे मेलं असं नाही. हार्डडिस्कचा दिवा लुकलुकतोय का बघा. लुकलुकत असेल तर हात लावू नका. सर्व्हर २०१६ तर एका अपडेटला तासभर खातोच, कधी त्याहून जास्त. तीन तास होऊनही दिवा शांत असेल तरच पॉवर बटण दाबून धरा.

सलग दोन-तीन वेळा सुरू होता होता बंद पडलं की विंडोज आपोआप निळं दुरुस्तीचं पान दाखवतं. न दाखवलं तर पेनड्राइव्हवरून बूट करा. तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, 'अनइन्स्टॉल अपडेट्स', मग 'लेटेस्ट क्वालिटी अपडेट' निवडा. इथेच बिटलॉकर की मागू शकतो. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर अनेक मशीन्सनी सकाळी उठल्याउठल्या ती मागितली होती. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून नव्यानं बसवलेल्या मशीनवर एन्क्रिप्शन न सांगताही चालू झालेलं असू शकतं, तेव्हा 'आमच्याकडे बिटलॉकर नाही' हे तपासूनच म्हणा.

८. अपडेट बसलं, पण काम बंद पडलं

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो.

शेअर केलेला प्रिंटर, कोड ०एक्स०००००११बी. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून प्रिंटर शेअरिंगची सुरक्षा कडक झाली. एक मशीन अद्ययावत, दुसरं जुनं, की हा कोड येतो. नेटवर मिळणारा रजिस्ट्रीचा उपाय ही सुरक्षाच काढून टाकतो. त्याऐवजी दोन्ही मशीन्स अपडेट करा. तरी राहिलं तर छापणाऱ्या मशीनवर ड्रायव्हर थेट बसवा, प्रिंटर जोडताना 'नवीन पोर्ट बनवा, लोकल पोर्ट' निवडा आणि पोर्टच्या नावाच्या जागी दोन उलट्या रेघा, मशीनचं नाव, एक उलटी रेघ, प्रिंटरचं शेअर नाव असं लिहा. डॉट मॅट्रिक्सवर हा मार्ग छान चालतो.

टॅलीचं शेअर फोल्डर उघडेना. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून बिनपासवर्डचं, म्हणजे 'गेस्ट' शेअर नाकारलं जातं. 'सगळ्यांना उघडं' ठेवलेलं फोल्डर नव्या मशीनला म्हणूनच दिसत नाही. डेटा असलेल्या मशीनवर पासवर्ड असलेला एक यूजर बनवा, 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' या दोन्ही टॅबमध्ये त्याला परवानगी द्या आणि बाकीच्या मशीन्सवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये तो साठवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

वजनकाटा. काट्याच्या इंडिकेटरपासून पीसीपर्यंत येणारी यूएसबी-सिरियल केबल बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण आणि 'पीएल२३०३' नावासोबत 'पुरवठादाराशी संपर्क साधा' अशा अर्थाचा मजकूर दिसला तर केबलमधली चिप जुनी किंवा नकली आहे आणि नव्या ड्रायव्हरनं ती नाकारली आहे. एफटीडीआय चिपची केबल घ्या, वाद संपतो. पिवळी खूण नसेल तर कॉम पोर्टचा नंबर बदलला आहे का बघा. काट्याचं सॉफ्टवेअर कॉम३ वर वाट बघत बसतं आणि केबल कॉम५ झालेली असते. पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड इथून पुन्हा ३ करा.

सहीचं टोकन. टोकनचा ड्रायव्हर काढून पुन्हा बसवा, मशीन रीस्टार्ट करा, मग जीएसटी पोर्टलसाठीचं ईएमसाइनर 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'नं चालू करा. टोकनचा पासवर्ड अंदाजानं टाकत बसू नका. ठराविक चुकांनंतर टोकन लॉक होतं.

९. सर्व्हर शेवटी

आधी सगळ्यात कमी महत्त्वाचं एक मशीन. दोन दिवस बिलं, प्रिंट, रिटर्न त्यावर करून बघा. मग बाकीची मशीन्स आणि सगळ्यांच्या शेवटी सर्व्हर. रीस्टार्टनंतर पाठ फिरवू नका. नेटवर्क प्रोफाइल 'पब्लिक' झालं असेल तर फायरवॉल शेअर बंद करतो, ते 'प्रायव्हेट' करा. एसक्यूएल सर्व्हिस (डेटाबेसची) चालू झाली का बघा. ती नेहमी बंदच राहत असेल तर तिला 'ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट' द्या. एक्स्टर्नल डिस्कचं अक्षर 'ई'चं 'एफ' झालं की रात्रीचा बॅकअप कुणाला न सांगता बंद पडतो, तेही तपासा. हायपर-व्हीवर चेकपॉइंट (मागे परतता यावं म्हणून त्या क्षणाची नोंद) घेतला असेल तर काम ठीक चालल्यावर तो काढून टाका. तो बॅकअप नव्हे.

टॅलीचं स्वतःचं अपडेट विंडोजच्याच दिवशी करू नका. बिघडलं तर कोणामुळे ते कळत नाही. आणि टॅलीप्राइमचा डेटा नव्या रिलीजमध्ये मायग्रेट झाला की जुन्या रिलीजवरच्या मशीनवर तो उघडत नाही, तेव्हा सगळी मशीन्स एकाच दिवशी.

१०. अपडेट येतच नसेल तर

कोड नाही, एरर नाही, अपडेटही नाही. मग विनव्हर बघा. विंडोज १० ची मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. २२एच२ आवृत्तीवर पैसे भरून वाढीव सुरक्षा अपडेट्स मिळतात, व्यावसायिक वापरासाठी पहिल्या वर्षाचा दर प्रत्येक मशीनला ६१ डॉलर. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. विंडोज ११ प्रोची २३एच२ आवृत्तीही ११ नोव्हेंबर २०२५ ला संपली. सर्व्हर २०१२ आर२ ऑक्टोबर २०२३ मध्येच गेला, २०१६ ची मुदत १२ जानेवारी २०२७. पुढच्या खरेदीचं बजेट या तारखा बघून करा.

११. फॉरमॅटच करावं लागलं तर

त्याआधी एक उपाय उरतो. पेनड्राइव्हवरून बूट न करता, चालू विंडोजमध्येच त्यातलं 'सेटअप' चालवा आणि 'फाइल्स आणि ॲप्स ठेवा' निवडा. विंडोज स्वतःवरच पुन्हा बसतं, टॅली आणि प्रिंटर जागेवर राहतात. सर्व्हरवरही हे जमतं, फक्त एडिशन आणि भाषा तीच हवी.

तेही फसलं तर डिस्क पुसण्याआधी हे काढून ठेवा: डेस्कटॉप आणि डाउनलोड्समधल्या फाइल्स, आउटलुकची पीएसटी फाइल (मेल साठवणारी), ब्राउझरमधले पासवर्ड, प्रिंटरच्या कागदाच्या मापाची सेटिंग्ज (फोटो काढलेला बरा), काट्याच्या सॉफ्टवेअरचं फोल्डर, आयपी पत्ता. आणि टॅली उघडत असेल तर आधी लायसन्स 'सरेंडर' करा. न करता फॉरमॅट मारलं की नव्या विंडोजवर टॅली शैक्षणिक मोडमध्ये उघडतं, आणि लायसन्स रीसेट होईपर्यंत गाडी दारात उभीच राहते.